स्थळाची शेवटची ओळ

“ही ओळ मागनं घातल्याली हाय,” दत्ताजीराव मुळीक म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी टेबलावर हळूच ठेवला. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं. आदळआपट करणाऱ्याचा राग तासाभरात निवतो. हळू बोलणारा माणूस घरून ठरवून आलेला असतो.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर आमच्या वधू-वर केंद्रांच्या संघाची खोली होती. खाली त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. बँडवाले जीव तोडून वाजवत होते, मसालेभाताचा वास जिन्यावरून वर येत होता आणि वर आम्ही सातजण एक ठरलेलं लग्न मोडायला बसलो होतो. निदान दत्ताजीराव तरी त्याचसाठी आले होते.

ते इचलकरंजीचे, मागांचे मालक. त्यांचा पुतण्या संग्राम हा नवरा मुलगा. वडील लवकर गेल्यामुळे संग्रामचं सगळं काकांनीच केलेलं. मुलगी तासगावची, वैजयंती मगदूम, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. तिचे वडील, मगदूम आण्णा, वायरमन म्हणून निवृत्त झालेले. ते माझ्यासमोर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. साखरपुडा तोंडावर आला होता, हॉल ठरला होता आणि त्याच आठवड्यात मुळीकांच्या घरी हळदीकुंकवाला आलेली कुणी बाई बोलून गेली, “पोरीला एकच किडनी आहे, माहीत आहे ना तुम्हाला?”

माहीत नव्हतं.

“माझ्या पोरीनं धाकट्या भावाला दिली,” आण्णा म्हणाले. “तो जगला त्यामुळं. लाज वाटावी असं काय हाय त्यात? आणि मी ते लिवलं होतं. नाव नोंदवायला गेलो त्याच दिवशी.”

“आमच्याकडं जो कागद आला त्यात न्हाई,” दत्ताजीराव म्हणाले. “आणि तासगावच्या केंद्रात, खोतांच्या मशिनीत, आता अचानक हाय. आम्हाला काय दुधखुळं समजलासा? येत्या रविवारी समाजाचा मेळावा हाय. मी माईकवर उभा ऱ्हाऊन सांगणार, मगदुमांनी फसवलं म्हणून. दुसऱ्या कुणाच्या घरात असं व्हायला नको.”

आण्णांचा चेहरा पडला. मेळाव्यात असं बोललं गेलं की त्या घरचं दार पुन्हा कुणी वाजवत नाही, आणि वैजयंतीच्या पाठीवर अजून एक बहीण होती.

आता या भानगडीत मी कशी, ते सांगते. आमच्या भागातल्या केंद्रांनी तोवर कॉम्प्युटर घेतले होते, पण प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा. तासगावच्या बाळासाहेब खोतांनी केबलची बिलं काढणाऱ्या एका माणसाकडून तो करून घेतला होता. इचलकरंजीच्या शिरगुप्पे काकूंचा प्रोग्रॅम त्यांच्या जावयाने लिहिला होता. एका ठिकाणी नोंदवलेलं स्थळ दुसऱ्या ठिकाणी दिसावं म्हणून संघाने एक समाईक नमुना ठरवायचं घेतलं: कुठली माहिती कुठल्या क्रमाने, कुठल्या रूपात पाठवायची, ते सगळं. तो नमुना लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कंपनीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार घेत होते. संशय हा माझा धंदा आहे की स्वभाव, असं माझ्या सासूबाई विचारायच्या. मी म्हणायचे, स्वभावाचे कुणी पैसे देत असेल तर का सोडा?

नमुन्यात नाव, जन्म, उंची, शिक्षण असं सगळं झाल्यावर शेवटी एक रकाना होता, ‘अधिक माहिती’. त्यात किती मजकूर मावावा, हे मी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर निम्मी केंद्रं उठून गेली असती. प्रत्येकाच्या प्रोग्रॅमची ताकद वेगळी. त्याऐवजी मागे एक परिशिष्ट जोडलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये किती मावतं, आणि जास्त आलं तर तो त्याचं काय करतो, एवढं तुम्ही त्यात प्रामाणिकपणे लिहा. म्हणजे समोरच्याला कळेल, कुणाकडे काय पाठवावं.

सगळ्या केंद्रांनी परिशिष्ट भरून पाठवलं. सगळ्यांनी एकच लिहिलं, ‘मर्यादा नाही.’

जगात मर्यादा नसलेला प्रोग्रॅम मी पाहिलेला नाही. पण मी विचारलं होतं कुणाला? ज्यांचा जन्म स्थळं जुळवण्यात गेला त्यांना. तुमच्यात काय उणं आहे, असं त्यांना विचारलं, तर ते काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. काकूंना मी फोनवर खोदून विचारलं, “जावयांना एकदा विचारून लिहा ना.” त्या दचकल्याच. “अगं बाई, जावयाला कसं विचारू, तुमच्या कामात काय खोट आहे म्हणून? पोर नांदतीय माझी तिथं!” त्यामुळे परिशिष्ट तसंच राहिलं, आणि मीही दात ओठ खात ते तसंच छापलं.

तर त्या दिवशी खोत आणि काकू आपापले लॅपटॉप घेऊन आले होते. खोतांच्या पडद्यावर वैजयंतीच्या माहितीत शेवटी ती ओळ होती: ‘धाकट्या भावास एक मूत्रपिंड दिले आहे, प्रकृती उत्तम.’ काकूंच्या पडद्यावर ती नव्हती. त्याआधीचं सगळं शब्दन् शब्द तेच आणि शेवटी व्यवस्थित पूर्णविराम. फाटल्यासारखं, तुटल्यासारखं काही नाही.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. नोंदीत बदल कधी झाला ते खोतांच्या प्रोग्रॅममध्ये खाली बारीक अक्षरात दिसायचं. मी तिथे बोट ठेवलं.

“खोत साहेब, ही नोंद काल बदललेली आहे.”

“काल?” खोतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मी काय बदललेलं नाही.”

“तारीख कालची आहे.”

“बघा!” दत्ताजीराव म्हणाले. अजूनही हळूच.

“मी फक्त छापून काढली मॅडम. आज दाखवायला. देवाशपथ.”

देवाची शपथ घेणारा माणूस मला आधीच आवडत नाही. शिवाय खोत आणि आण्णा एका गल्लीतले, एका तालमीत कुस्ती खेळलेले. मित्राच्या पोरीसाठी एक ओळ घालायला किती वेळ लागतो? मला स्वच्छ दिसू लागलं: बातमी फुटली, आण्णा धावत खोतांकडे गेले, खोतांनी ओळ टाकली आणि आता दोघं मिळून काकूंच्या प्रोग्रॅमवर खापर फोडणार. वाईट वाटलं, पण पटलं.

एवढ्यात वैजयंती उठली. इतका वेळ ती वडिलांच्या शेजारी बसली होती. संग्राम टेबलाच्या टोकाला, भिंतीला चिकटून बसला होता. काकांनी त्याला तिथेच बसवलं होतं. आम्ही सगळे त्याच्या उजव्या हाताला. आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. कुणी काही विचारलं की आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, मग थांबायचा, मग “हं” म्हणायचा. असं थांबून थांबून उत्तर देणारी माणसं मला कंपनीतही भेटतात. त्यांनी काहीतरी बिघडवलेलं असतं. वैजयंतीने स्वतःची खुर्ची उचलली, वळसा घालून गेली आणि संग्राम आणि भिंत यांच्यामधल्या एवढ्याशा फटीत ती घुसवून बसली. आणि त्याच्या कानाशी लागून काही कुजबुजायला लागली.

“काय चाललंय गं पोरी?” दत्ताजीरावांनी विचारलं.

“काही नाही काका.”

काही नाही! समोर बापाची अब्रू चाललीय आणि ही नवऱ्या मुलाला वश करायला बसली. पोरगी पोचलेली आहे, असं मी मनात म्हटलं. त्याने तिच्याकडे मान वळवली आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. माझा संशय दुणावला.

पण संशय असला की मी तपासते. तेवढी एक शिस्त मला आहे. आधी तारीख घेतली. खोतांच्या यादीतलं दुसरंच एक स्थळ उघडलं, कुणा कवलापूरच्या मुलाचं, दोन वर्षं जुनं. काहीही न बदलता छापण्याची आज्ञा दिली. कोपऱ्यातला प्रिंटर कण्हला, कागद बाहेर आला. मी नोंद पुन्हा उघडली. खाली बदलाची तारीख आजची.

“ह्याला छापणं म्हणजेच बदल वाटतो,” मी म्हणाले. “केबलच्या बिलाचा प्रोग्रॅम. बिल छापलं की तारीख पडायची, तसंच ठेवलंय.”

खोतांनी खिशातून रुमाल काढला. “मी सांगत होतो ना!”

“म्हणजे तुम्ही बदललं नाही असं सिद्ध झालं नाही,” मी म्हटलं. “बदललं असं सिद्ध होत नाही, एवढंच.”

खोतांचा रुमाल अर्ध्यातच थांबला. त्यांना माझा राग आला असणार. येऊ दे.

मग मी तासगावहून इचलकरंजीला एक खोटं स्थळ पाठवलं. ‘अधिक माहिती’मध्ये नुसते आकडे लिहिले, एक, दोन, तीन, चार, मध्ये कुठेच पूर्णविराम नाही. लांबच लांब. काकूंच्या लॅपटॉपवर ते उतरवून घेतलं. आकडे चालले, चालले, आणि एका ठिकाणी संपले. पुढचे नाहीत. मी अक्षरं मोजायला लावली: चारशे भरली.

“काकू, तुमच्याकडे चारशेच्या पुढे काही मावत नाही.”

“असं कसं? ‘मर्यादा नाही’ म्हणून मी लिहून दिलंय!” काकू म्हणाल्या, जणू लिहून दिलं म्हणून प्रोग्रॅमने ऐकायला हवं होतं.

“पण मॅडम,” दत्ताजीराव पुढे झुकले, “पोरीच्या कागदात शेवटी वाक्य पुरं हाय. तुमचं हे आकड्यांचं तुटलं मधनंच. तसं तुटलं असतं तर आम्हाला दिसलं नसतं व्हय? आम्ही विचारलं नसतं?”

माणूस हुशार होता. माझ्याही मनात तेच आलं होतं. वैजयंतीचा मजकूर काकूंकडे चारशेच्या बराच अलीकडे संपत होता, शांतपणे, पूर्णविराम देऊन. चारशेवर तोडला असता तर मूत्रपिंडाच्या वाक्याचे पहिले दोनतीन शब्द तरी राहिले असते. ‘धाकट्या भावास एक’ एवढं उरलं असतं तरी कुणीतरी विचारलं असतं, एक काय?

“जावयांना फोन लावा,” मी म्हणाले.

काकूंचा हात पदराकडे गेला. “आत्ता?”

“आत्ता. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा.”

खोलीत सगळे काकूंकडे बघत होते. मुलीच्या सासरची भीती मोठी की समोरच्या मुलीची दया, हे त्यांच्या चेहऱ्यावर उघड चाललं होतं. शेवटी त्यांनी फोन टेबलावर ठेवला. “जावईबापू, जेवण झालं का? रागावू नका हं. एक अगदी बारीकसं विचारायचं होतं. आपल्या प्रोग्रॅममध्ये मजकूर जास्त झाला तर हो काय होतं?”

“चारशेला कापतो,” जावयांचा आवाज प्रसन्न होता. “आणि नुसता कापत नाही. मागे जाऊन शेवटचा पूर्णविराम शोधतो, तिथून पुढचं काढून टाकतो. अर्धवट वाक्य राहतच नाही. तुम्हीच म्हणाला होता ना आई, अर्धं वाक्य दिसलं की केंद्राची शोभा जाते? त्याच्यावर मी दोन रविवार घालवलेत.”

“फार छान केलंत,” काकू म्हणाल्या आणि फोन बंद करून पदर तोंडाला लावला.

मी खोतांकडची वैजयंतीची नोंद, ती ओळ धरून, पुन्हा पाठवली; काकूंच्या पडद्यावर ती पुन्हा त्याच पूर्णविरामाशी संपली. प्रोग्रॅम अडाणी असता तर त्याने वाक्य मधेच तोडलं असतं आणि सगळं वेळेवर कळलं असतं. तो नीटनेटका होता, त्याने जखमेचा व्रणसुद्धा ठेवला नव्हता. आणि तो नेहमी शेवट कापायचा. आमच्याकडे स्थळाची माहिती लिहायची रीत काय? आधी घरचं शेत, पुण्यातला फ्लॅट, मामा तहसीलदार, मुलीचा स्वयंपाक, पेटीवादनाच्या दोन परीक्षा. आणि अडचणीची गोष्ट अगदी शेवटी, उंबऱ्यात चपला घालता घालता सांगावी तशी. त्या प्रोग्रॅमने गेली दोन वर्षं किती घरांची ती एकच गोष्ट नेमकी गिळली असेल? त्यातली किती लग्नं लागून गेली होती!

“म्हंजे आण्णांनी लिवलं होतं,” दत्ताजीराव म्हणाले. पण लगेच मान हलवली. “बरं, लिवलं होतं. पण तोंड हाय की न्हाई माणसाला? पाहायला आलो तवा सांगता येत नव्हतं?”

आण्णांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“मला वाटलं तुम्ही वाचून आलाय. तुम्ही आलात, चहा घेतलात, तिच्या तब्येतीचं एक अक्षर विचारलं न्हाई. जाताना मी तुमचा हात धरला, आठवतंय? म्हटलं, तुम्ही समजून घेतलंत, उपकार झाले.”

“ते… मला वाटलं घर लहान हाय त्याचं बोलताय.”

“रातभर मी बायकोला सांगत होतो, किती मोठ्या मनाची माणसं मिळाली म्हणून.”

खाली बँड थांबला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. दत्ताजीराव पंख्याकडे बघत राहिले. ते बघून मला समाधान वाटलं हे मी लपवत नाही. पण माझं डोकं थांबेना. एका केंद्राने ‘मर्यादा नाही’ लिहून चारशेला कापलं. दुसऱ्यानेही तेच लिहिलं होतं. त्याचं मी अजून काहीच तपासलं नव्हतं.

“काकू, संग्रामचं स्थळ उघडा. खोत साहेब, तुमच्याकडे ते आलंय ते तुम्ही उघडा.”

“त्याचं आता काय?” दत्ताजीरावांचा आवाज पहिल्यांदा चढला. “त्याच्यात काय बगायचं हाय?”

मला तो चढलेला आवाज ओळखीचा वाटला. मी दोन्ही पडदे शेजारी शेजारी घेतले. काकूंकडे संग्रामची नोंद मूळची, मुळीकांनी स्वतः केलेली. मजकूर थोडा, चारशेच्या आतला. खोतांकडे तो त्याहूनही कमी होता. खोतांचा प्रोग्रॅम शब्द मोजत नव्हता. बिलावर पत्त्यानंतर नवी ओळ आली की पत्ता संपला असं तो समजायचा, आणि तीच सवय त्याला इथेही होती. नवी ओळ दिसली की संपलं. आणि मुळीकांच्या घरी कुणीतरी शेवटचं वाक्य मुद्दाम वेगळ्या ओळीवर लिहिलं होतं.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“वहिनींनी,” दत्ताजीराव पुटपुटले. “त्याच्या आईनं. म्हणाल्या, येगळं लिवा, डोळ्यात भरलं पायजे.”

मी वाचून दाखवलं. ‘लहानपणीच्या आजारामुळे उजव्या कानाने ऐकू येत नाही.’

खोतांनी आपल्या पडद्यावर वरखाली शोधलं. तिथे ते नव्हतंच. आण्णा हळूहळू खुर्चीतून उठले.

“आम्ही लिवलं होतं!” दत्ताजीराव म्हणाले. “आण्णा, आईची आण, आम्ही लिवलं होतं!”

तेच शब्द. थोड्या वेळापूर्वी समोरच्या बाजूने आलेले, तसेच्या तसे. ते त्यांच्याही कानांवर आले असावेत, कारण पुढे बोलायचं ते गिळून त्यांनी आण्णांकडे बघितलं, आणि ते आता आण्णांकडे विश्वासाचं दान मागतायत ते मला कळलं. आण्णांच्या हातात होतं. ते म्हणू शकले असते, तोंड हाय की न्हाई? मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं.

आण्णांनी मुलीकडे पाहिलं. “वैजू?”

“मला माहीत होतं आण्णा,” ती म्हणाली.

“कधीपास्नं?”

“पाहायला आले त्या दिवशी. मी उजवीकडून दोनदा विचारलं, साखर किती? त्यांनी ऐकलंच नाही. मग डावीकडून विचारलं.”

“आणि घरी बोलली न्हाईस?”

“त्यात बोलायचं काय? त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील म्हटलं.”

“आणि मघापासून हे काय कुजबुजत होतीस?” हे मी विचारलं. मला राहवलं नाही.

तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. “तुम्ही सगळे काय बोलताय ते सांगत होते. खाली बँड आहे ना. त्यात त्यांच्या उजव्या बाजूला सगळे. त्यांच्याच लग्नाचं चाललंय आणि त्यांना काही कळत नव्हतं.”

संग्राम तिच्याकडे बघत होता. मग तो त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलला, आणि बँड नसल्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं.

“मला वाटलं, तुम्ही वाचून होकार दिलात.”

“नाही,” वैजयंती म्हणाली. “बघून दिला.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. समोर एक मुलगी बसून नवऱ्या मुलाला त्याच्याच बैठकीतलं बोलणं पोचवत होती आणि मी तिला पोचलेली म्हणत होते. त्याच्या कानाचा मला संशय आला नाही. बाकी सगळ्याचा आला.

दत्ताजीराव उठले, टेबलाला वळसा घालून आण्णांपाशी गेले. पाया पडायला वाकणार तोच आण्णांनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं. “हां हां, व्याही! हे काय भलतंच!”

“रविवारी मी माईकवर जाणारच हाय,” दत्ताजीराव म्हणाले. “आता येगळं बोलीन.”

“काय बोलाल?”

“ते तवाच सुचंल.”

रविवारी ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण त्यानंतर पंधरा दिवसांत केंद्रांचे परिशिष्टाचे कागद पुन्हा भरून येऊ लागले. काकूंचा पहिला. ‘चारशेच्या वर मावत नाही. उरलेले वाक्य काढून टाकतो. पाठवणाऱ्याने आधी फोन करावा.’ खाली जावयांची सही होती. म्हणजे विचारलं होतं. खोतांनी लिहिलं, ‘नवीन ओळ चालत नाही. तारखेवर विश्वास ठेवू नये.’ दुसऱ्या आवृत्तीत मी ते परिशिष्ट मागून उचलून अगदी पुढे, पहिल्या पानावर आणलं आणि ‘मर्यादा नाही’ हे उत्तर घ्यायचंच नाही असा नियम केला. जुनी स्थळं सगळ्या केंद्रांनी बसून पुन्हा पाठवली. लागून गेलेल्या लग्नांचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वैजयंती आणि संग्रामचं लग्न त्याच कार्यालयात झालं. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. होमाची तयारी झाली, भटजींनी दोन पाट मांडले आणि वैजयंतीला संग्रामच्या उजव्या हाताचा पाट दाखवला. ती थांबली. वळसा घालून डावीकडे जाऊन उभी राहिली.

“अहो, तिकडे नाही,” भटजी म्हणाले. “वधूने उजवीकडे बसायचं. शास्त्र आहे.”

ती काही बोलेना आणि हलेना. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “काय तोरा आहे बघा, मंडपातच सुरू.”

दत्ताजीराव अक्षतांचं ताट कुणाच्या तरी हातात देऊन संग्रामच्या उजव्या बाजूने पुढे आले.

“भटजी, तिचा पाट डावीकडं मांडा,” ते म्हणाले. “उजव्या कानानं आमच्या पोराला काय सुदिक ऐकू येत न्हाई.”

भटजींच्या पुढ्यात माईक चालू होता, कर्णे सगळे पाहुण्यांकडे तोंड केलेले. मांडवात, जेवणाच्या पंगतीत, थेट रस्त्यापर्यंत ते वाक्य गेलं. बँडवाल्याने तोंडाशी नेलेली पिपाणी खाली घेतली. भटजींनी मुकाट्याने पाट उचलून डावीकडे मांडला. वैजयंती बसली, पदर सारखा केला.

संग्रामने तिच्याकडे मान कलती केली. “काय म्हणाले काका?” त्याने विचारलं.

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं.